मोतीबिंदूनंतर पाचव्या आठवड्यात नजर उतरली. शुगरची पेशंट, डोळा पांढरा (लाल नाही), दुखणं नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरची सूज समजायची का?

खानापूर_चष्मा
इथे नंबर काढायचं काम आहे. ओसीटी (पडद्याचा स्कॅन काढायचं मशीन) जवळ नाही, पडद्याचा डॉक्टर गाठायचा तर बेळगाव, म्हणजे पेशंटचा नि सोबतच्या माणसाचा एक दिवस आणि एक हजेरी गेली. केस अशी:

बाई, वय ६२, शुगर १५ वर्षं, गोळ्यांवर. उजव्या डोळ्याचा फेको (बारीक छेदातून मोतीबिंदूचं ऑपरेशन), घडीची लेन्स, कागदावर ऑपरेशनमध्ये काही अडचण आल्याची नोंद नाही. सातव्या दिवशी चष्म्याशिवाय ६/९ (तक्त्यावरची नजर, खालचा आकडा मोठा तितकी नजर कमी). आज पस्तिसावा दिवस: ६/२४, पिनहोलने (बारीक भोकातून बघून) ६/१८, त्यापुढे कुठलीही काच लावली तरी हलत नाही. जवळचं एन १८, म्हणजे मोठी अक्षरंच. डोळा पांढरा स्वच्छ, गळत नाही, टोचत नाही. थेंब कागदाप्रमाणे आठ दिवसांपूर्वी संपले. तक्रार त्यांच्याच शब्दांत: "समोरच्याचं तोंड पुसल्यागत दिसतंय, कडंचं बरं दिसतंय." आजची रँडम शुगर २६०.

घरचे म्हणतात चष्मा द्या, शुगरमुळं नंबर हलला असणार. शेजारपाजारचे म्हणतात ऑपरेशन बिघडलं. विचारायचं ते एवढंच:

१. ओसीटीशिवाय, टेबलावर, ही पडद्याची सूज आहे की लेन्सच्या मागच्या पिशवीवर जाळी आलीय, हे कितपत सांगता येतं?
२. आजच्या आज कुणाला पाठवायचं आणि कोण आठवडाभर थांबू शकतं?
३. सूज असेल तर ती ऑपरेशनची की शुगरची? उपचार वेगळा असतो म्हणतात.
४. तोवर संपलेले थेंब परत चालू करायला सांगावेत का?

पडदा_बेळगाव
चष्मा देऊ नका, इथून सुरुवात करूया. शुगरमुळे नंबर हलतो हे खरं, पण तो हलतो डोळ्यातल्या जन्मजात लेन्समुळे. साखर वाढली-उतरली की त्या लेन्समधलं पाणी बदलतं आणि नंबर सरकतो. या बाईंच्या उजव्या डोळ्यातली ती लेन्स तुमच्याच कागदानुसार पाच आठवड्यांपूर्वी काढून टाकलीय. प्लास्टिकची लेन्स साखरेनं फुगत नाही. तेव्हा "शुगरचा नंबर" हे कारण डाव्या डोळ्याला लावा, उजव्याला नको.

आता टेबलावरची ओळख. पिनहोलने ६/२४ चं जेमतेम ६/१८ झालं, म्हणजे दोष बहुतेक चष्म्याचा नाही. मग उरतं मधे आलेलं काही किंवा मागचा पडदा. रेटिनोस्कोप (बाहुलीत उजेड टाकून बघायचं साधन) हातात असेल तर आधी बाहुलीतली लाल चमक बघा. पिशवीवर जाळी धरली असेल तर चमक मळकट, ठिपक्याठिपक्यांची दिसते. आणि जाळी शक्यतो महिने-वर्षं घेते, पाचव्या आठवड्यात ६/९ वरून ६/२४ पर्यंत नेत नाही. चमक स्वच्छ आहे आणि तरी नजर उतरलीय, तर बोट पडद्याकडे जातं.

मग दोन गोष्टी करा, दोन्ही फुकट आहेत. एक, ॲम्स्लरची जाळी. नसेल तर चौकटीच्या वहीचं पान, मधोमध पेनानं ठळक ठिपका. एक डोळा झाकून, जवळचा चष्मा लावून, वाचायच्या अंतरावर धरायला सांगा. ठिपक्याभोवतीच्या रेषा वाकड्या, पुसट किंवा एकमेकीत मिसळलेल्या दिसल्या तर मॅक्युलाचा दोष. मॅक्युला म्हणजे पडद्याचा मधला भाग, वाचायला आणि तोंड ओळखायला लागतो तो. तुमच्या बाईंनी "तोंड पुसल्यागत, कडेचं बरं" हे जे सांगितलंय ते मॅक्युलाचं नेमकं वर्णन आहे. पिशवीवर जाळी आली असती तर सगळंच धुक्यात दिसलं असतं, मधलं-कडेचं असा फरक पडला नसता.

दुसरी, बॅटरीची चाचणी. एक डोळा झाका, उघड्या डोळ्यासमोर दोन-तीन सेंटिमीटरवर पेनटॉर्च दहा सेकंद धरा, काढा, आणि घड्याळ लावून बघा की आधी वाचलेल्या शेवटच्या ओळीच्या वरची ओळ किती वेळात वाचता येते. चांगला मॅक्युला मिनिटाच्या आत सावरतो. सुजलेल्याला फार वेळ लागतो. दोन्ही डोळ्यांची तुलना करा, आकडा कागदावर लिहा आणि तो कागद पेशंटबरोबर पाठवा.

बाहुलीची हालचालही बघा, बॅटरी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर. नुसत्या सुजेनं बाहुली दगा देत नाही. उजेड टाकल्यावर ती आकसायच्या ऐवजी सैल पडत असेल तर प्रकरण सुजेपलीकडचं आहे, डोळ्याची नस किंवा पडद्याचा मोठा भाग बिघडलाय. तेव्हा थांबू नका.

आजच्या आज पाठवायचे: दुखणारा लाल डोळा, पापणी सुजलेली, नजर तासातासाला उतरतेय (आत जंतुसंसर्ग), समोर पडदा ओढल्यासारखी काळी सावली किंवा विजा चमकणं (पडदा सुटणं), एकाएकी काजळ सांडल्यासारखे काळे धागे-ठिपके (शुगरच्या डोळ्यात आतला रक्तस्राव). यांना गाडी करून पाठवा, बसची वाट बघत बसवू नका. पांढरा, न दुखणारा, हळूहळू उतरलेला डोळा, म्हणजे तुमची केस, आठवड्याच्या आत पोचला तरी चालतं. पण "पुढच्या अमावस्येला बघू" असं नको. सूज महिनोनमहिने राहिली तर मधल्या पेशी जातात, आणि मग सूज उतरूनही नजर येत नाही.

तिसऱ्या प्रश्नाला जरा जागा लागेल, रात्री लिहितो.

निपाणी_औषधं
तोपर्यंत चौथ्याचं मी सांगतो, रोज काऊंटरवर हेच चालतं.

आधी बाटली बघा ओ. पाच मिलीच्या बाटलीत निदान शंभर थेंब निघतात. एका डोळ्याला दिवसातून चार म्हटलं तरी पंचवीसेक दिवस पुरायला पाहिजेत. दहा दिवसांत रिकामी झाली असेल तर निम्मे थेंब गालावर गेलेत. महिन्यानं पण अर्धी भरलेली असेल तर घातलेच नाहीत. दोन्हीकडं पेशंट "सगळं वेळेवर घातलं" म्हणूनच सांगतो, आणि खोटं बोलत नसतो.

प्रेडनिसोलोन ॲसिटेट (स्टेरॉइड) आणि नेपाफेनॅक (स्टेरॉइड नसलेलं सूज उतरवायचं औषध) ही दोन्ही गढूळ औषधं. उभी ठेवली की औषध तळाला बसतं. न हलवता घातलं तर पहिले पंधरा दिवस पाणी आणि शेवटी घट्ट साका. प्रत्येक वेळी नीट हलवायची. दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटं अंतर ठेवायचं. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून एक-दोन मिनिटं थांबायचं, नाहीतर औषध घशात उतरतं. बाटली फोडून महिना झाला की टाकून द्यायची.

आपल्याकडं आणखी एक भानगड होते. चिठ्ठी इंग्रजीत, वर सिस्टरनं कन्नडमध्ये "बलगण्णु, दिनक्के नाल्कु सल" लिहिलेलं. बलगण्णु म्हणजे उजवा डोळा, एडगण्णु डावा. घरी वाचणारी सून खानापूर-चंदगडकडची असली की अंदाजानं चालतं, आणि चुकीच्या डोळ्यात महिनाभर स्टेरॉइड पडतं. मी बाटलीवरच मार्करनं "उजवा" लिहून देतो.

आणि बदली औषध. नेपाफेनॅक ०.१ टक्केवालं दिवसातून तीनदा, ०.३ टक्केवालं एकदाच, त्याच गटातलं ब्रोमफेनॅक एकदा, केटोरोलॅक चारदा. नाव "सारखंच" म्हणून बाटली बदलली आणि वेळा जुन्याच ठेवल्या तर डोस तिप्पट होतो नाहीतर तिसरा हिस्सा पडतो. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली बाटली संपली म्हणून तीच परत नेणारे पण खूप. त्यातलं अँटिबायोटिक पाचव्या आठवड्यात कशाला पाहिजे?

माझं मत, सुजेचा नुसता संशय असेल तर नेपाफेनॅक तरी लगेच चालू करावं, बेळगावला पोचेपर्यंत. डॉक्टर काय म्हणतात बघू.

पडदा_बेळगाव
निपाणीकरांचं बाटलीचं गणित मी आमच्या समुपदेशकाला आजच सांगितलं.

नेपाफेनॅकबद्दल अर्धं मान्य. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना एक फोन करून चालू केलं तर हरकत नाही. पण आधी बुबुळ (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) बघितलेलं हवं. शुगरच्या पेशंटचं बुबुळ बधिर असतं, कोरडं असतं. त्यावर नेपाफेनॅकच्या गटाचे थेंब फार दिवस पडले तर बुबुळाला जखम होऊन ते झिजू लागतं, आणि बधिरपणामुळं दुखतही नाही. फ्लोरेसिनची पट्टी लावून हिरवा डाग दिसला तर हे थेंब नकोत. स्टेरॉइड मात्र कुणीही मनानं परत चालू करू नये, डोळ्याचा दाब मोजल्याशिवाय तर नाहीच. काही डोळ्यांत दोन ते सहा आठवड्यांत दाब चढतो आणि पेशंटला पत्ता लागत नाही. काचबिंदूसाठी लॅटॅनोप्रोस्टसारखे थेंब चालू असतील तर तेही चिठ्ठीवर लिहा. ते सूज वाढवू शकतात, कधीकधी बदलावे लागतात.

आता ऑपरेशनची सूज की शुगरची.

मोतीबिंदू काढताना डोळ्यात थोडी जळजळ होतेच. प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्यं सुटतात, ती मागे झिरपतात आणि मॅक्युलाच्या बारीक केशवाहिन्या सैल होऊन पाणी गळू लागतं. हिला अर्विन-गॅस सूज म्हणतात. अर्विन यांनी १९५३ साली तिचं वर्णन केलं, गॅस आणि नॉर्टन यांनी १९६६ मध्ये डाय (शिरेतून दिलेला रंग) टाकून ती दाखवली. ही सूज पहिल्या आठवड्यात क्वचितच दिसते, चौथ्या ते सहाव्या आठवड्यात शिगेला पोचते. नेमके त्याच सुमाराला थेंब संपलेले असतात आणि पेशंट "झालं एकदाचं" म्हणून शेताकडे वळलेला असतो. म्हणून सातव्या दिवशीच्या ६/९ वर विसंबायचं नाही.

शुगरची सूज वेगळ्या वाटेनं येते. वर्षानुवर्षांच्या साखरेनं वाहिन्यांच्या भिंती आधीच कुजलेल्या असतात, त्यांना फुगे आलेले असतात, रक्तातलं तेलकट द्रव्य झिरपून पिवळे कण साठलेले असतात. ती बहुधा ऑपरेशनच्या आधीपासून असते. दाट मोतीबिंदूमुळे दिसली नाही, एवढंच. मोतीबिंदू निघाला, पडदा दिसू लागला आणि सूज "ऑपरेशनमुळे आली" असं वाटलं.

शुगरच्या डोळ्यात दोन्ही एकत्र नांदतात, खरी अडचण ती. ब्रिटनमधल्या ८० हजारांहून जास्त डोळ्यांच्या नोंदी २०१६ साली छापल्या, त्यात शुगर नसलेल्यांत ऑपरेशननंतर सूज सुमारे १.२ टक्के, शुगर असलेल्यांत ४ टक्के. पडदा आधी जितका बिघडलेला, तितका धोका चढत जातो. ऑपरेशन नीट होऊनही होते ही. "बिघडवलं" म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना हे सांगा.

वेगळं करायचं ते तीन गोष्टींवरून. एक, तारीख: सातव्या दिवशी चांगलं, पाचव्या आठवड्यात उतरलं, तर पारडं ऑपरेशनच्या सुजेकडे. दोन, पडद्यावर पिवळे कण, लाल ठिपके किती: काहीच नसतील तर ऑपरेशनची, भरपूर असतील तर शुगरची किंवा दोन्हींची. तीन, डाय टाकून काढलेले फोटो: ऑपरेशनच्या सुजेत डाय शेवटी फुलाच्या पाकळ्यांसारखी मॅक्युलाभोवती साचते आणि नसेच्या तोंडाशीही गळते. शुगरच्या सुजेत ती फुग्याफुग्यांतून गळते, नस कोरडी असते. डाय टाकली की कातडी काही तास पिवळी, लघवी दिवसभर गडद पिवळी होते. हे आधी सांगितलं नाही तर मंडळी कावीळ समजून रात्री फोन करतात.

ऑपरेशनची सूज असेल तर आधी थेंबच: प्रेडनिसोलोन दिवसातून चारदा आणि सोबत नेपाफेनॅक किंवा ब्रोमफेनॅक, चार ते सहा आठवडे, मग परत ओसीटी. बहुतेक डोळे तीन ते सहा महिन्यांत जागेवर येतात. नाही आले तर डोळ्याच्या बाजूला ट्रायॅमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा डोळ्यात स्टेरॉइडची सळई. ही डेक्सामेथासोनची ०.७ मिलिग्रॅमची सळई तीन-चार महिने काम करते. पण मागची पिशवी फाटलेली असेल तर ती घालायची नाही, पुढे घरंगळून बुबुळाला लागते. म्हणून ऑपरेशनचा कागद हवाच.

शुगरची सूज मधोमध असेल आणि नजर उतरलेली असेल तर डोळ्यात इंजेक्शनं: बेव्हासिझुमॅब १.२५ मिलिग्रॅम, रॅनिबिझुमॅब ०.५ किंवा अफ्लिबरसेप्ट २ मिलिग्रॅम. औषध अर्ध्या दशांश मिलीइतकंच, म्हणजे ०.०५ मिली. कोणतं, याचं उत्तर २०१५ च्या अमेरिकन चाचणीत बरंचसं मिळालं: सुरुवातीची नजर ६/१२ किंवा बरी असेल तर तिन्ही सारखी, ६/१५ किंवा वाईट असेल तर पहिल्या वर्षात अफ्लिबरसेप्ट सरस. तुमच्या बाई ६/२४ वर आहेत. एका इंजेक्शनात भागत नाही. सुरुवातीला दर महिन्याला, पहिल्या वर्षात त्या चाचणीत नऊ-दहा लागली. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं, नाहीतर दोन घेऊन तिसऱ्याला माणूस येत नाही आणि मग म्हणतो इंजेक्शनचा उपयोग झाला नाही.

ओसीटी_चिकोडी
ओसीटी बघणाऱ्यांसाठी थोडं, कारण रिपोर्टवरचा एकच आकडा बघून घाबरणारे आणि निर्धास्त होणारे दोन्ही भेटतात.

मॅक्युलाच्या मधल्या एक मिलिमीटर वर्तुळाची सरासरी जाडी म्हणजे तो आकडा. निरोगी डोळ्यात तो अडीचशे-पावणेतीनशे मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे पाव मिलिमीटर. सूज म्हणायची हद्द मशीनप्रमाणे बदलते. स्पेक्ट्रॅलिसवर बायकांना ३०५, पुरुषांना ३२०. सिरसवर २९० आणि ३०५. म्हणून एका गावात एका मशीनवर आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावात दुसऱ्या मशीनवर काढलेले आकडे शेजारी ठेवून "वीसनं वाढली" म्हणायला अर्थ नाही. दर वेळी तेच मशीन गाठा.

आकड्यापेक्षा करड्या रंगाचं आडवं छेदचित्र बघा. सूज असेल तर मधल्या खड्ड्याच्या जागी उंचवटा आणि थरांमध्ये काळे पोकळ फुगे. मशीन कधी रेघ चुकीच्या थरावर ओढतं आणि नकाशा लाल येतो. छेदचित्र नॉर्मल, नकाशा लाल, तर मशीनची चूक. सिग्नल कमी असेल (दहापैकी सहाच्या खाली) तर परत काढायला सांगा. शुगरचा डोळा कोरडा असतो, एक थेंब कृत्रिम अश्रूंचा टाकून दोनदा मिचकावलं की सिग्नल वर येतो.

रंगीत कागदाची काळी झेरॉक्स नेऊ नका, नकाशाचा सगळा अर्थ रंगात असतो. मोबाइलवर दोन्ही पानांचा फोटो काढून ठेवा. आणि ऑपरेशनच्या आधीचा ओसीटी मिळाला तर तो सोन्याचा कागद. त्यावर आधीच सूज असेल तर वाद मिटला.

खानापूर_चष्मा
चौकटीची वही दाखवली. ठिपक्याच्या उजवीकडे-खाली रेषा वाकड्या, मधला ठिपका फिका. बॅटरीनंतर उजवा डोळा १ मिनिट ५० सेकंद, डावा (मोतीबिंदू असलेला) ४० सेकंद. बाहुल्या बरोबर. चमक स्वच्छ.

ऑपरेशनआधी ओसीटी काढलाच नव्हता म्हणतात. गोळ्यांची पट्टी आणलीय, तीन औषधं एकत्र असलेली: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, पायोग्लिटाझोन. पायाच्या घोट्यांवर सूज, बोट दाबलं की खड्डा पडतो. शुगर उतरवायला कडक पथ्य सांगू का?

शुगर_संकेश्वर
ती पट्टी आधी फिजिशियनला दाखवा. पायोग्लिटाझोन अंगात पाणी धरून ठेवतं: पायावर, आणि काही जणांत मॅक्युलावरही. घोट्याला खड्डा पडतोय आणि पडद्यालाही सूज, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की ती गोळी बदलायचा विचार होणारच. पण स्वतः बंद करायला सांगू नका. एका पट्टीत तीन औषधं आहेत, ती एकाएकी थांबली तर साखर भडकेल. घोट्याच्या सुजेसाठी हृदय आणि मूत्रपिंडही बघायला हवं.

सोबत चार तपासण्या: एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन. बीपी दोन्ही हातांचं. मूत्रपिंड गळत असेल किंवा बीपी १६० वर असेल तर डोळ्यात कितीही इंजेक्शनं दिली तरी पाणी परत भरतं. आमच्याकडे डोळेवाले साखर विचारतात, बीपी विचारायचं राहून जातं.

साखर उतरवावी, पण धडपडून नको. वर्षानुवर्षं ११ असलेला एचबीए१सी दोन महिन्यांत ७ वर आणला की काही डोळ्यांत पडदा सुरुवातीला उलट बिघडतो, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. नव्या वजनाच्या इंजेक्शनांत, सेमॅग्लुटाइडमध्येही २०१६ च्या चाचणीत तसं दिसलं. मात्र या भीतीनं साखर वाढलेलीच ठेवायची नाही. सावकाश उतरवायची आणि त्या काळात पडदा तपासत राहायचा. कडक उपास सांगू नका, गोळी चालू असताना उपाशी राहिलं तर साखर पडते. भाकरी खाऊ दे, भात कमी. पाहुणे आले म्हणून कुंद्याचा (बेळगावी मिठाईचा) डबा मात्र उघडू नका.

गेल्या तीन महिन्यांत अर्धांग किंवा हृदयविकाराचा झटका आला असेल तर डोळ्यातल्या इंजेक्शनाआधी तो सांगायचा, आधी. खुर्चीवर बसल्यावर नव्हे.

पडदा_बेळगाव
१ मिनिट ५० सेकंद. तपशील चोख आहे, कागदावर असाच लिहा.

आता पुढे जे होईल त्यातलं घरच्यांना ठाऊक असावं ते. पहिल्या दिवशी बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, चार-पाच तास जवळचं दिसत नाही, ऊन सोसत नाही. गाडी स्वतः चालवत येऊ नये. वडापमध्ये (शेअर गाडीत) बसून आले तरी काळा चष्मा आणि सोबत माणूस हवा. पहिल्याच दिवशी इंजेक्शन मिळेल असं धरून येऊ नका. दाब, ओसीटी, जमलं तर डाय, मग ठरतं.

इंजेक्शन ठरलंच तर: भूल थेंबांची, पाच टक्के बेटाडाइनने डोळा धुतात, लेन्स बसवलेल्या डोळ्यात बुबुळाच्या काळ्या कडेपासून साडेतीन मिलिमीटरवर बारीक सुई. टोचणं दोन-तीन सेकंदांचं. नंतर पांढऱ्या भागावर लाल डाग पडतो, दिसायला भयंकर, पण दहा-पंधरा दिवसांत जातो. दोन-तीन दिवस काळे बुडबुडे तरंगतात, तेही चालतं. बेटाडाइनमुळे पहिल्या रात्री चुरचुरतं. पण दुसऱ्या दिवसापासून आठवड्यापर्यंत कधीही दुखणं वाढलं, नजर उतरली, उजेड सहन होईना, तर तो जंतुसंसर्ग समजून त्याच रात्री यायचं. दोन-तीन हजारांत एखाद्याला होतं. झालं तर तासांचा हिशेब असतो. आठवडाभर डोळ्यात नळाचं, ओढ्याचं पाणी जाऊ द्यायचं नाही, शेण-माती-भुश्शाच्या कामापासून लांब.

डावा डोळा. तोही करायचाच आहे, पण घाई नको. आधी उजव्याचं काय होतं ते बघायचं, आणि डाव्याचा ओसीटी ऑपरेशनच्या आधी काढायचा. मोतीबिंदूतून जेवढा दिसेल तेवढा. सूज आधीच असेल तर आधी तिचा उपचार, किंवा ऑपरेशनच्याच टेबलावर इंजेक्शन. सूज नसली तरी शुगर आहे आणि पहिल्या डोळ्याला सूज आली, म्हणून दुसऱ्याला ऑपरेशनआधीच नेपाफेनॅक चालू करून ऑपरेशननंतर दोन महिन्यांपर्यंत चालवता येतं, बुबुळ बघत बघत. युरोपातल्या २०१८ च्या प्रेमेड चाचणीत शुगरच्या पेशंटना ऑपरेशनच्या शेवटी ट्रायॅमसिनोलोन ४० मिलिग्रॅम दिलं तर सूज कमी आली, बेव्हासिझुमॅबनं तसा फरक पडला नाही. पण ट्रायॅमसिनोलोननं काहींचा दाब चढला, म्हणून सगळ्यांना सरसकट देत नाहीत. आणि अनेक अंतरांची महागडी लेन्स कुणी सुचवली तर शुगरनं पडदा बिघडलेल्या डोळ्यात ती नको. साधी एका अंतराची घ्या.

खानापूर_चष्मा
खर्चाचं काय सांगू? बीपीएल कार्ड आहे.

ओसीटी_चिकोडी
आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे, पण "योजना आहे" आणि "हे इंजेक्शन त्या पॅकेजमध्ये आहे" या वेगळ्या गोष्टी. हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्याला) इंजेक्शनचं नाव सांगून विचारा, आणि सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र आधीच घेऊन जा, नाहीतर त्या एका कागदासाठी परत खानापूर. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं होतं. गाव त्या यादीत असेल आणि मिरज-कोल्हापूरकडे जाणं सोयीचं असेल तर तिथल्या आरोग्यमित्रालाही एक फोन. दोन्हीकडे विचारायला पैसे पडत नाहीत.

निपाणी_औषधं
बेव्हासिझुमॅब स्वस्त पडतं ते मोठी कुपी बऱ्याच पेशंटना वाटून घेतात म्हणून, त्यामुळं काही ठिकाणी त्याचा ठरावीक वार असतो. फोन करून वार विचारून जा. आणि हो, मेडिकलमधनं स्वतः कुपी घेऊन पिशवीत घालून एसटीनं नेऊ नका. ते दोन ते आठ डिग्रीत राहायला पाहिजे, उन्हातनं गेलं की पाणीच.

खानापूर_चष्मा
चष्मा दिला नाही. ऑपरेशनचा कागद, औषधांच्या बाटल्या (एक अर्धी भरलेली निघाली, प्रेडनिसोलोनची, तळाला साका तसाच), गोळ्यांची पट्टी, टेबलावरचे आकडे असं एका पिशवीत बांधून दिलंय. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांशी बोललो, बुबुळ आणि दाब बघितल्याशिवाय थेंब नको म्हणाले. गुरुवारी बेळगाव, सोबत मुलगा.

पडदा_बेळगाव
ती अर्धी भरलेली बाटली पिशवीत राहू द्या, फेकू नका. तिच्यामुळे "थेंब घालूनही सूज आली" आणि "थेंब पोचलेच नाहीत" यांतलं काय झालं ते कळतं, आणि पहिल्यांदा इंजेक्शन द्यायचं की थेंबच नीट घालून बघायचे, हे त्यावरही ठरतं.